पतौ कीं अपतौ?

शास्त्र स्वतःच बोलतें, माणसानें तें केवळ ऐकावें, अशी श्रद्धाळू मनाची समजूत असते. विधवाविवाहाच्या वादांत पराशरस्मृतीच्या एका श्लोकाचें जें झालें, तें पाहिलें म्हणजे ही समजूत टिकत नाहीं.

पति नाहींसा झाला, मरण पावला, संन्यासी झाला, क्लीब ठरला किंवा पतित झाला, तर या पांच आपत्तींत स्त्रीला दुसरा पति विहित आहे, असा त्या श्लोकाचा सरळ अर्थ. १८५५ सालीं कलकत्त्यास ईश्वरचंद्र विद्यासागरांनीं त्याचाच आधार घेतला व १८५६ सालीं विधवाविवाहाचा कायदा झाला. विष्णुशास्त्री पंडितांनीं विद्यासागरांचा ग्रंथ मराठींत आणला. कायद्याचा अडसर गेला होता. परंतु जातीचा बहिष्कार शास्त्रार्थावर अवलंबून होता. १८६९ सालीं मुंबईंत असा एक विवाह झाला, आणि १८७० सालीं पुण्यास शंकराचार्यांपुढें वाद भरला.

विरोधकांच्या आक्षेपांपैकीं एक व्याकरणाचा होता. श्लोकांत ‘पतौ’ असें रूप आहे. पाणिनीच्या नियमानें एकट्या ‘पति’ शब्दाची सप्तमी ‘पत्यौ’ व्हावयास हवी. म्हणून आधींच्या ‘पतिते’ या शब्दापुढें लुप्त अकार मानून ‘अपतौ’ असें वाचावें. अर्थात् ज्याच्याशीं केवळ वाग्दान झालें, लग्न लागलें नाहीं, त्याच्याविषयींच हें वचन! सुधारक म्हणत, असे आर्ष प्रयोग प्राचीन ग्रंथांत आढळतातच. दुसरा आक्षेप माधवाचार्यांच्या टीकेचा : वचन अन्य युगांसाठीं आहे. त्यावर विद्यासागरांचें उत्तर असें कीं, आपण कलियुगासाठीं आहों, हें पराशरस्मृति स्वतःच सांगते.

अवग्रह उच्चारांत ऐकूं येत नाहीं. दोन्ही पाठ कानांस सारखेच. मग खरा कोणता, हें एकटा श्लोक कसें सांगणार? त्यासाठीं व्याकरण लागलें, परंपरा लागली, युगाचा विचार लागला, आणि सांगणाऱ्याची दृष्टीही लागली. पुण्यास पंचांच्या बहुमतानें निर्णय सुधारकांविरुद्ध गेला. म्हणजे धर्मवचनाचा अर्थ अखेर मतें मोजून ठरला. त्या न उच्चारलेल्या अकारावर बालपणींच वैधव्य आलेल्या मुलींचीं आयुष्यें तोललीं जात होतीं.

विष्णुशास्त्र्यांनीं निर्णयापुढें हात टेकले नाहींत. प्रथम पत्नी वारल्यावर त्यांनीं स्वतः विधवेशींच विवाह केला. ‘मी अर्थ करीत नाहीं, शास्त्र सांगतों,’ असें म्हणणाऱ्यानेंही एक अर्थ निवडलेलाच असतो. त्या निवडीची जबाबदारी ग्रंथावर टाकतां येत नाहीं.