शब्दवेध : कुट्टक

सोलापूरची शेंगाचटणी उखळात कुटतात. ‘कुटणे’ आणि ‘कूट’ ज्या संस्कृत ‘कुट्ट्’ धातूतून आले, त्यातूनच गणितातला ‘कुट्टक’ही आला. ७ ने भागल्यास ३ आणि ५ ने भागल्यास २ उरेल अशी संख्या शोधायची, तर मोठ्या संख्या भागत भागत बारीक करायच्या. उत्तर निघतं १७. ही रीत आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये दिली. नवव्या शतकात जैन गणिती महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रहा’त तिला ‘वल्लिका-कुट्टीकार’ म्हटलं. भागाकार वेलीसारखे एकाखाली एक उतरतात ना! हा ग्रंथ हिंदी अनुवादासह १९६३ मध्ये सोलापूरच्याच जैन संस्कृति संरक्षक संघाने छापला, याचा मला फार अभिमान वाटतो.

पुढचा प्रश्न वर्गांचा. १०३ ने भागल्यावर ५ उरेल असा पूर्ण वर्ग आहे का? जर्मन गणिती गाउसने १८०१ मध्ये सिद्धता छापलेला, दोन मूळ संख्यांमधल्या अन्योन्यतेचा नियम सांगतो, इथे प्रश्न उलटा करा : ५ ने भागल्यावर १०३ इतकीच बाकी उरेल असा वर्ग आहे का? १०३ ला ५ ने भागून ३ उरतात. वर्गाला ५ ने भागलं तर ०, १ किंवा ४ च उरतात. म्हणजे नाही! (दोन्ही मूळ संख्यांना ४ ने भागून ३ उरत असतील, तर मात्र उत्तरही उलटतं.) उलटवा, भागा, पुन्हा उलटवा : हे कुटणंच आहे. घन आणि चतुर्घातांसाठी मात्र साध्या पूर्णांकांचं उखळ पुरेना. १८४४ मध्ये गणिती आयझेनस्टाइनने घनांचा नियम सिद्ध केला, तो एकाच्या काल्पनिक घनमुळापासून घडवलेल्या नव्या पूर्णांकांत.