छोटी रेल्वे जत्रेत का येत नाही?

आजचा एपिसोड रेल्वेवर आहे, आणि मी तो करतोय मेढ्यात बसून, जिथे रेल्वे नाही. जावळी तालुक्याचं हे मुख्य गाव, पण रेल्वे पकडायची तर सातारा स्टेशन गाठायचं, आणि तेही शहरात नाही, माहुलीला. तर प्रश्न असा: आपल्याकडे जत्रेला आकाशपाळणा येतो, ब्रेक डान्स येतो, मग रुळांवरून धावणाऱ्या छोट्या रेल्वेचं प्रदर्शन का येत नाही? पोरं तर तुटून पडतील.

उत्तर पैशात आहे, पण तुम्हाला वाटतंय त्या पैशात नाही.

आधी पाळण्याचा हिशोब बघू. पाळणा सुटा करायचा, ट्रकमध्ये भरायचा, पुढच्या गावी परत जोडायचा. रंग उडाला, पत्र्याला पोचा आला, तरी धंदा थांबत नाही. दर पाच मिनिटांनी नवी माणसं, नवे पैसे. छोट्या रेल्वेचं उलट आहे. जगात सगळ्यात जास्त चालणारं माप म्हणजे एचओ, खऱ्याच्या १/८७. यात दोन रुळांमधलं अंतर फक्त १६.५ मिलिमीटर. प्रवासात फळी थोडी फुगली, सांधा जरासा सरकला, की गाडी घसरलीच. धूळ बसली की रुळातून इंजिनाला वीज नीट मिळत नाही. आणि प्रेक्षक? एकदा तिकीट काढतो आणि तासभर कठड्याला नाक लावून उभा राहतो. त्याला हलवणार कसं!

महाराष्ट्रात हे गणित ज्यांनी प्रत्यक्ष सोडवलं ते पुण्याचे बी. एस. जोशी, म्हणजे भाऊ जोशी. छंद छोट्या रेल्वेचा, व्यवसाय इंजिनिअरिंगचा. आधी त्यांनी हलवता येईल असा देखावा करून प्रदर्शनं भरवली. तो काळ आठवा, किंवा घरच्या मोठ्यांना विचारा. परदेशी खेळणं सरळ आयात करून दुकानात विकायला ठेवणं जवळपास अशक्य होतं. इंजिन यायचं ते कुणाच्या तरी बॅगेतून. त्यामुळे इंजिन म्हणजे सोनं, आणि बाकी सगळं घरी बनवायचं: घरं, पूल, सिग्नल, दिवे. सामान महाग आणि माणसाचा वेळ, निदान हौसेचा वेळ, फुकट.

पण प्रदर्शन उचलून दुसरीकडे न्यायचं म्हणजे प्रत्येक वेळी तेच काम पुन्हा. शेवटी कोथरूडमध्ये कायमची जागा झाली आणि १ एप्रिल १९९८ ला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय लोकांसाठी उघडलं. एक अख्खं शहरच आहे ते. पासष्ट सिग्नल, उड्डाणपूल, सर्कस, संध्याकाळ झाली की लागणारे दिवे. आता प्रेक्षकाला हलवायचा प्रश्नही सुटला, कारण ठरावीक वेळेचा शो आणि सोबत निवेदन. शो संपला की पुढची बॅच. म्हणजे पाळण्याचीच युक्ती, फक्त जागेवर बसून!

मला यातली खरी गोम वेगळीच वाटते. हे टिकलं ते तिकिटावर कमी आणि पाठीशी असलेल्या घरच्या कारखान्यावर जास्त. मोटर जळली तर दुरुस्त करणारे हात तिथेच. आजच्या भावाने कोथरूडमध्ये एवढी जागा भाड्याने घेऊन कुणी हा उद्योग सुरू करायला निघालं, तर त्याचे सीए काका पहिल्याच मीटिंगला हात जोडतील.

जर्मनीत मात्र एकाने नव्हे, दोन भावांनी हे धाडस केलं. हॅम्बुर्गमध्ये नाइट क्लब चालवणाऱ्या फ्रेडरिक आणि गेरिट ब्राउन या जुळ्यांनी बँकेचं कर्ज काढलं आणि ऑगस्ट २००१ मध्ये मिनिआटूर वुंडरलांड उघडलं. आज तिथे वर्षाला दहा लाखांहून जास्त लोक जातात. तिकीट आहेच, शिवाय दुकान आणि रेस्टॉरंट. तिथले व्हिडिओ तुमच्याही रीलमध्ये कधीतरी आलेच असतील. ती जाहिरात लोकच मोबाईलवर फुकट करतात.

इंग्लंडची पद्धत निराळी. तिथे प्रदर्शन भरवतो क्लब. सभासद फुकट राबतात, लोक तिकीट काढतात, आणि सामान विकणारे दुकानदार स्टॉलचं भाडं देतात. या दुकानदारांवर बरंच काही अवलंबून असतं. एकदा माणूस घरी बसून ऑनलाइन इंजिन मागवायला लागला, की स्टॉल घेणारा विचार करायला लागतो. बर्मिंगहॅमला वॉर्ली क्लबचं मोठं राष्ट्रीय प्रदर्शन १९९३ पासून एनईसी नावाच्या अवाढव्य हॉलमध्ये भरायचं. हजारो लोक यायचे. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ते शेवटचं भरलं. गर्दी असूनही प्रदर्शन बंद पडू शकतं, कारण राबणारी माणसं वयस्कर होत जातात आणि त्यांच्या जागी पगारी माणसं ठेवली तर तिकीट कुणालाच परवडणार नाही.

परत आपल्याकडे येऊ. १ एप्रिल २००१ ला आयातीवरचे जुने निर्बंध उठले, आणि वाटलं आता इंजिनं स्वस्त होणार. काही वर्षं बरी गेली. मग २०२० च्या बजेटमध्ये खेळण्यांवरची कस्टम ड्यूटी २० टक्क्यांवरून ६० झाली, २०२३ मध्ये ७०. कस्टमच्या यादीत ही छोटी मॉडेल्स खेळण्यांच्याच खात्यात बसतात, साठ वर्षांच्या आजोबांनी घेतली तरी! शिवाय १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा. देशी खेळणी बनवणाऱ्यांना याचा फायदा झाला असेल, पण भारतात एचओ इंजिनाचा कारखाना त्यामुळे उभा राहील असं मला वाटत नाही. गिऱ्हाईक फारच थोडं आहे.

म्हणजे आता इंजिनही महाग आणि वेळही महाग. जागेचं तर विचारूच नका. फिरतं प्रदर्शन यात सगळ्यात आधी मेलं, आणि मेढ्यासारख्या गावापर्यंत पोचू शकणारं तेच एक होतं. इथल्या शाळेने पुण्याला सहल न्यायची तर एवढं लांब जायचं आणि तेवढंच परत यायचं. बसचं भाडं आणि वाटेतला नाष्टा यापुढे संग्रहालयाचं तिकीट किरकोळच.

एक वाट मला दिसते, फ्रेमोची. १९८१ पासून युरोपातली ही मंडळी अख्खा देखावा एकाकडे ठेवतच नाहीत. प्रत्येकाने आपली एक-दोन फळ्यांची रेल्वे घरी बनवायची, टोकं मात्र ठरलेल्या मापाची. मग हॉल मिळाला की सगळे आपापल्या गाडीतून फळ्या आणतात आणि जोडतात. भांडवल विभागलं, गोदाम नको, ट्रक नको.

मेढा ते सातारा साधारण २५ किलोमीटर. एचओ मापात २८७ मीटर, म्हणजे मीटरभराच्या २८७ फळ्या. तेवढं नाही जमणार. पण सातारा स्टेशन थोडं आखडतं घेतलं तर सात-आठ फळ्यांत बसेल, आणि त्या एका टेंपोत येतात. साताऱ्या-सांगलीकडे कुणी असली फळी बनवत असेल तर कमेंटमध्ये कळवा. हॉलचं मी इथे बघतो.