बालपरवेशी

बालपरवेशी हा शब्द आता जुन्या कागदपत्रांत व कोशांतच आढळतो. लढाईत पडलेल्या शिपायाच्या मुलाबाळांच्या पोषणासाठी मराठी राज्यात जी नेमणूक होत असे, तिचे हे नाव. फारसी ‘परवरिश’ या शब्दाला आपल्या पूर्वजांनी दिलेले हे घरगुती वळण होय.

या रीतीचा ठळक दाखला कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत आहे. अफजलखानाच्या वधाचा प्रसंग (१६५९) आपण मुलांना मोठ्या आवेशाने सांगतो. पण त्यानंतरच्या ओळींकडे कोणाचे फारसे लक्ष जात नाही. महाराजांनी मोठ्या लोकांस हत्ती, घोडे, कडी दिली. जखमी झालेल्यांस जखम पाहून पंचवीसपासून दोनशे होनांपर्यंत दिले. पडलेल्यांच्या मुलांस चालविले. आणि ज्यांना पुत्र नव्हता, त्यांच्या बायकांस निमे वेतन बांधून दिले.

हे शेवटचे कलम आम्हांस विशेष मोलाचे वाटते. मुलगा उद्या तलवार धरील, तेव्हा त्याचे पोषण हा राज्याच्याही हिताचाच व्यवहार. निपुत्रिक विधवेकडून राज्यास काय मिळणार? तरीही तिचा हक्क मानला गेला.

स्वतंत्र भारतात १९७१ च्या युद्धानंतर १९७२ साली उदार निवृत्तिवेतनाचे आदेश निघाले. आजच्या नियमांत तीन पायऱ्या आहेत: साधे कुटुंब निवृत्तिवेतन अखेरच्या वेतनाच्या ३० टक्के, सेवेच्या कारणाने मृत्यू आल्यास विशेष ६० टक्के, आणि युद्धात मृत्यू आल्यास उदार कुटुंब निवृत्तिवेतन, म्हणजे पूर्ण वेतन. सभासदाच्या ‘निम्म्या’हून हे दुप्पट झाले!

पण नियम उदार असला तरी नाव जुळावे लागते. विवाहात वधूचे नाव बदलण्याची आपल्याकडील चाल या ठिकाणी फार नडते. पलटणीच्या दप्तरी सासरचे नाव, शाळेच्या दाखल्यावर माहेरचे, शिधापत्रिकेवर तिसरेच. शिक्षक या नात्याने अशा भगिनींचे अर्ज आम्ही अनेकदा लिहून दिले आहेत. ही दोन्ही नावे एकाच स्त्रीची, एवढे सिद्ध करण्यात त्यांचे महिनेच्या महिने गेले. ज्या ज्ञातिबांधवांचे चिरंजीव सैन्यात आहेत, त्यांनी पुढच्या रजेत सुनेचे नाव सर्व कागदांवर एकच आहे ना, हे मुलाकडून पाहून घ्यावे. फरक आढळल्यास जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारणा करावी.