हा आपला प्रश्न नाही? मग 1934 मध्ये बाबासाहेब कोर्टात कशाला उभे राहिले?

"आधीच आपल्यापुढे प्रश्न कमी आहेत का? त्यात हे समलिंगी नि तृतीयपंथी कशाला?" चळवळीच्या बैठकीत हा विषय निघाला की हे वाक्य येतंच. त्याच्या मागोमाग दुसरं येतं: "ही सगळी पाश्चात्त्य थेरं आहेत, शहरातल्या सुखवस्तू सवर्ण पोरांची." तिसरं वाक्य कुणी उघड बोलत नाही. जयंतीच्या मिरवणुकीत एखाद्या तृतीयपंथीयाकडे बघून आपलीच पोरं शिट्टी मारतात, त्या शिट्टीत ते ऐकू येतं. या तिन्हींना उत्तर आपल्याच इतिहासात आहे आणि त्याचा एक धागा थेट नगर जिल्ह्यातून जातो.

सुरुवात रघुनाथ धोंडो कर्वे यांच्यापासून. महर्षी कर्व्यांचे हे चिरंजीव गणिताचे प्राध्यापक होते. संततिनियमनाचा प्रचार करतात म्हणून विल्सन कॉलेजातली नोकरी गेली, पण गडी थांबला नाही. जुलै 1927 पासून त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवलं. त्यात वाचक आपले लैंगिक प्रश्न विचारायचे आणि कर्वे आडपडदा न ठेवता उत्तरं द्यायचे. सनातन्यांनी 1931 मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला आणि 100 रुपये दंड झाला. 1934 मध्ये पुन्हा अटक झाली. या वेळी आक्षेप वाचकांच्या प्रश्नोत्तरांवर होता. त्यात हस्तमैथुनाचे प्रश्न होते, तसेच समलिंगी संबंधांचेही. कर्व्यांचं वकीलपत्र घेतलं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी.

तो काळ आठवा. पुणे करार होऊन दीड वर्ष झालं होतं. नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह चालू होता. आपल्या कोपरगावच्या पलीकडे असलेल्या येवल्यात धर्मांतराची घोषणा व्हायची होती, ती 13 ऑक्टोबर 1935 ला झाली. बाबासाहेबांवर अंगावर येतील एवढी कामं होती. त्यात एका चित्पावन ब्राह्मणाच्या मासिकासाठी, तेही अश्लीलतेच्या खटल्यात, उभं राहून त्यांना काय मिळणार होतं? मतं नाहीत, पैसा नाही, उलट बदनामीच. "आधीच आपल्यापुढे प्रश्न कमी आहेत का" हे वाक्य बोलायचा अधिकार कुणाला असेलच, तर तो त्या वर्षी त्यांना होता. त्यांनी ते म्हटलं नाही.

त्यांच्या युक्तिवादाचा गाभा असा सांगितला जातो: लैंगिक विषयावर लिहिलं म्हणजे ते अश्लील ठरत नाही, लोकांना प्रश्न पडतात, ते विचारतात, तर त्यांना ज्ञानाने उत्तर दिलं पाहिजे, तोंड दाबून नव्हे. हॅवलॉक एलिस या लैंगिक शास्त्राच्या अभ्यासकाचा आधार घेऊन, ज्यांची प्रवृत्तीच समलिंगी आहे त्यांनी आपल्या पद्धतीने सुख मिळवलं तर त्यात गैर काय, असंही त्यांनी मांडल्याचं नमूद केलं जातं. कोर्टाला ते पटलं नाही. खटला हरले, कर्व्यांना 200 रुपये दंड झाला.

इथे एक सावधगिरी. यावरून बाबासाहेबांच्या हातात इंद्रधनुषी झेंडा देऊन पोस्टर काढणारे उत्साही मित्र मी पाहिले आहेत. तसं करू नका. ते समलिंगी हक्कांच्या चळवळीचे वकील म्हणून उभे नव्हते, अशी चळवळ तेव्हा या देशात नव्हतीच. ते उभे होते विचारण्याच्या आणि उत्तर देण्याच्या हक्कासाठी. पण समाज ज्याला विकृत म्हणतो, त्या माणसाचा प्रश्नही प्रश्नच असतो, ही भूमिका त्यांनी घेतली. आपल्याला तेवढं पुरेसं आहे.

हे एकदाच घडलेलं नव्हतं. आता नगरचा धागा. 1937 च्या निवडणुकीत स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम अहमदनगर जिल्ह्यातून मुंबई विधानसभेवर निवडून गेले. 10 नोव्हेंबर 1938 रोजी संततिनियमनाचा ठराव त्यांनी सभागृहात मांडला. सरकारने जनतेत संततिनियमनाचा जोरदार प्रचार करावा आणि त्याच्या सोयी उपलब्ध करून द्याव्यात, ही मागणी होती. बाबासाहेब त्या दिवशी सभागृहात नव्हते. भाषण त्यांनी तयार केलेलं होतं, वाचलं रोहम यांनी. ठराव फेटाळला गेला. आज नगरमध्ये रोहम यांचं नाव सांगणारी किती पोरं आहेत? ज्या काळात गरती बाईसमोर हा शब्द उच्चारणं पाप होतं, त्या काळात आपल्या जिल्ह्याचा एक अस्पृश्य आमदार भर सभागृहात शरीर, मूल आणि बाईचा निर्णय यावर बोलत होता. लैंगिकतेचा विषय आपल्या चळवळीत बाहेरून आणला, असं म्हणणाऱ्याने आधी हे वाचावं.

मुळात जात टिकते कशावर? 1916 मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातिसंस्थेवरच्या निबंधात बाबासाहेबांनी सांगितलं की जातीचा प्राण जातीअंतर्गत विवाहात आहे. कुणी कुणाशी लग्न करायचं, कुणाच्या पोटी मूल व्हायचं, यावरचा पहारा म्हणजे जात. नगर जिल्ह्याला हे पुस्तकातून शिकायची गरज नाही. नेवाशातलं सोनई 2013, जामखेडमधलं खर्डा 2014. प्रेमाच्या संशयावरून आपली माणसं मारली गेली. जो समाज जातीबाहेरच्या प्रेमाला मरण देतो, तो लग्नाच्या चौकटीबाहेरच्या प्रेमाला फुलं देईल कसा? पहारेकरी एकच आहे.

आता 'पाश्चात्त्य थेर' म्हणणाऱ्यांसाठी. पश्चिमेकडून आलं ते समलिंगी माणूस नव्हे, त्याला गुन्हेगार ठरवणारं कलम. मेकॉलेच्या आयोगाच्या मसुद्यावरून 1860 मध्ये भारतीय दंड संहिता झाली, त्यातलं कलम 377. इंग्रजांनी अशीच कलमं आफ्रिकेतल्या वसाहतींतही रुजवली. युगांडात आजचे पुढारी ती आपली परंपरा असल्यासारखी मिरवतात आणि 2023 मध्ये त्यांनी काही प्रसंगी फाशीची तरतूद असलेला कायदा केला. बोट्सवानाच्या उच्च न्यायालयाने मात्र 2019 मध्ये तसंच कलम रद्द केलं आणि ते करताना भारताच्या सर्वोच्च न्यायालयाचाही दाखला घेतला.

इंग्रजांचा दुसरा कायदा तर आपल्या भटक्या बांधवांच्या पाठीवर कोरलेला आहे. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या पहिल्या भागात जमाती होत्या आणि दुसऱ्या भागात हिजडे. त्यांची पोलिसांत नोंद, बायकी कपडे घालून रस्त्यावर दिसलं किंवा नाचलं तर अटक, मृत्युपत्र करायला बंदी. हा कायदा आधी उत्तरेत लागू झाला. 1911 नंतर त्याचा जमातींचा फास मुंबई इलाख्यातही आला आणि आपल्याकडच्या पारध्यांच्या गळ्यात पडला. श्रीगोंद्याचा पारधी आणि दिल्लीचा हिजडा यांना जन्माने गुन्हेगार ठरवणारी लेखणी एकच होती. पारध्यांचा प्रश्न आपला आणि हिजड्यांचा परका, हा हिशेब मला कधी जुळला नाही.

377 पडलं ते कशाच्या जोरावर? संविधानिक नैतिकतेच्या. 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधानाचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी ग्रोट या इतिहासकाराचा हा शब्द घेतला आणि ही नैतिकता आपल्याकडे उपजत नाही, ती जोपासावी लागेल, असा इशारा दिला. दिल्ली उच्च न्यायालयाने 2009 च्या नाझ फाउंडेशन निकालात हेच भाषण पुढे ठेवलं: लोकांची नैतिकता वेगळी, संविधानाची वेगळी. डिसेंबर 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. त्यात हे लोक संख्येने फार थोडे आहेत, असाही एक मुद्दा होता! 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' लिहिणाऱ्याच्या देशात हक्क डोकी मोजून द्यायचे? शेवटी 6 सप्टेंबर 2018 ला पाच न्यायाधीशांनी एकमताने, प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं, ते कलम मोडीत काढलं. निकालपत्रात संविधानिक नैतिकता पानोपानी आहे. न्यायालयात ज्या शस्त्राने हे लोक जिंकले ते आपल्या घरातलं आहे आणि आपणच विचारतो, हे कोण लोक?

जिंकणं अर्धंच आहे. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता नाकारली. 2019 च्या तृतीयपंथी कायद्याने ओळखीसाठी जिल्हाधिकाऱ्याचा दाखला मागितला आणि तृतीयपंथी व्यक्तीवरच्या लैंगिक अत्याचाराला जास्तीत जास्त दोन वर्षांची शिक्षा ठेवली. बाईवरच्या बलात्काराला किमान दहा वर्षं, इथे कमाल दोन. माणसाची किंमत अशी वेगवेगळी ठरवणारी स्मृती आपण 1927 मध्ये महाडला जाळली होती.

आपण दार लावून घेतलं की दुसरं कुणी उघडतं. 2019 च्या प्रयागराज कुंभात किन्नर आखाडा वाजतगाजत उतरला. रस्त्यावर हेटाळणी झालेल्याला भगवी वस्त्रं आणि महामंडलेश्वरपद मिळत असेल, तर तो तिकडे जाईल, यात त्याला दोष काय द्यायचा? आणि दुसरी वाटही याच जिल्ह्यात आहे. श्रीरामपूरच्या कवयित्री दिशा पिंकी शेख 2019 मध्ये वंचित बहुजन आघाडीच्या राज्य प्रवक्त्या झाल्या. त्या व्यासपीठावर बोलायला उभ्या राहिल्या तेव्हा कुणाचं व्यासपीठ बाटलं नाही.

आता ज्या मुद्द्यावर खास आंबेडकरवाद्यांनीच बोलायला हवं तो. 2014 च्या नालसा निकालात सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांना सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास मानून आरक्षण द्या असं सांगितलं. ते कसं द्यायचं, इथे घोळ आहे. मध्य प्रदेशाने 2023 मध्ये त्यांना ओबीसी यादीत घातलं. म्हणजे दलित तृतीयपंथीयाने एक तर आपली जात सोडायची, नाहीतर आपलं लिंग. सवर्ण तृतीयपंथीयाला असली निवड करावी लागत नाही. म्हणून तमिळनाडूतल्या दलित ट्रान्स कार्यकर्त्या ग्रेस बानू समांतर आरक्षण मागतात: अनुसूचित जातीत, जमातीत, ओबीसीत, खुल्यात, प्रत्येक प्रवर्गात तृतीयपंथीयांसाठी जागा, महिलांना असतात तशा. कर्नाटकाने 2021 मध्ये सरकारी भरतीत अशी एक टक्का तरतूद केलीसुद्धा. महाराष्ट्रात पोलीस भरतीच्या अर्जात तृतीयपंथी हा पर्याय यावा म्हणूनच डिसेंबर 2022 मध्ये उच्च न्यायालयाला सरकारचे कान धरावे लागले.

शिष्यवृत्ती, वसतिगृह, निर्वाह भत्ता यांची निवेदनं घेऊन आपण समाजकल्याणच्या कार्यालयात वर्षातून चार वेळा जातो. पुढच्या निवेदनात समांतर आरक्षणाचं कलम घालू, आणि ते द्यायला जाताना शहरातल्या तृतीयपंथी मैत्रिणींना सोबत यायचं आमंत्रण देऊ. मसुदा करायला मी बसतो, तालुक्या-तालुक्यातून सह्या तुम्ही गोळा करा.