विहीर सापडली नाही

आमचे वडील, अण्णा, रोजनिशी लिहीत. १९७२ सालची त्यांची वही गेल्या उन्हाळ्यात मी संगणकावर उतरवून काढली. त्या दुष्काळात आमची विहीर नेमकी कधी आटली, यावरून धाकट्या भावाशी माझा जुना वाद आहे. तो म्हणतो दसऱ्याला, मी म्हणतो दिवाळीनंतर. म्हटलं, आता अण्णांनाच विचारू.

'विहीर' असा शब्द देऊन शोध घेतला. तीनच नोंदी निघाल्या, त्याही उन्हाळ्यातल्या. मग 'पाणी' शोधलं, तर ते जवळजवळ प्रत्येक पानावर! दोन्ही शब्दांनी काम केलं नाही. खरं सांगतो, वाईट वाटलं. जिच्यावर घर चाललं, तिच्या आटण्याची अण्णांनी नोंदही करू नये?

शोध का फसतो याबद्दल मग थोडं वाचलं. हा प्रश्न संगणकाआधी ग्रंथपालांना पडला होता. सिरिल क्लेव्हर्डन हे इंग्लंडमधल्या क्रॅनफिल्डच्या विमानविद्या महाविद्यालयाचे ग्रंथपाल. १९५० आणि ६० च्या दशकांत त्यांनी शोधपद्धतींची चक्क परीक्षा घेतली. प्रश्न ठरवले, कोणते लेख योग्य तेही ठरवले, आणि मग प्रत्येक पद्धतीला दोन बाबतींत गुण दिले. हवे त्यातले किती सापडले? आणि सापडले त्यातले किती हवे होते? पंडितांनी खपून केलेल्या विषयसूचींपेक्षा लेखातले साधे शब्दही कमी पडत नाहीत, हा निष्कर्ष तेव्हा अनेकांना पचला नाही.

पण सगळे शब्द सारख्या मोलाचे नसतात. हे नेमकं मांडलं कॅरेन स्पार्क जोन्स यांनी. जन्म १९३५, गाव हडर्सफिल्ड. केंब्रिजला इतिहास शिकल्या आणि काही काळ शाळेत शिक्षिकाही होत्या. हे वाचून मला, का कोण जाणे, फार बरं वाटलं! त्यांचा निबंध 'जर्नल ऑफ डॉक्युमेंटेशन'मध्ये छापून आला तो १९७२ साली, म्हणजे अण्णांच्या वहीच्याच वर्षी.

त्यांचं म्हणणं एखाद्या मास्तराला लगेच कळावं असं आहे. वर्गात पाच पाटील असतील तर 'पाटील' अशी हाक मारून उपयोग नाही. एकच 'वडगावकर' असेल तर हाक नेमकी पोचते. जो शब्द जितक्या जास्त लेखांत येतो, तितकं त्याचं वजन कमी धरायचं. दुर्मिळ शब्दाला मान जास्त. त्या २००७ साली वारल्या, पण हे सूत्र आणि त्यातून पुढे निघालेली सूत्रं आजही शोधयंत्रांच्या पोटात आहेत.

दुष्काळातल्या वहीत 'पाणी' हा शब्द म्हणजे ते पाच पाटील. घोर तर त्याचाच होता, पण शोधायला निरुपयोगी.

आणि 'विहीर'? तिथे चूक माझीच. नातू म्हणाला, "आजोबा, 'विहिरी' एवढंच टाकून बघा ना." पटापट ओळी निघाल्या. विहिरीत, विहिरीला, विहिरीवर. जन्मभर मुलांना सामान्यरूप शिकवलं. प्रत्यय लागताना 'विहीर'मधली दीर्घ वेलांटी ऱ्हस्व होते, हे फळ्यावर शेकडो वेळा लिहिलं. आणि यंत्रासमोर बसल्यावर विसरलो! 'पाऊस' शोधणाऱ्याला 'पावसाने' मिळत नाही, तेही याचमुळे. इंग्रजी शब्दांची शेपटं छाटायचे नियम १९६८ पासून तयार होत होते. मराठी, हिंदी, बंगाली शोधांची क्रॅनफिल्डसारखी परीक्षा घेणारा 'फायर' हा उपक्रम मात्र २००८ साली सुरू झाला. एवढी वर्षं आपल्या कितीतरी मजकुराबद्दल यंत्र 'नाही' म्हणत राहिलं असेल आणि आपण ते खरं मानलं असेल.

१८ नोव्हेंबरची नोंद सापडली. "विहिरीचा तळ दिसला. घरात कुणाला बोललो नाही."

तारखेचा वाद मी जिंकलो. भावाला फोन करून ओळ वाचून दाखवली. दोघेही बराच वेळ काही बोललो नाही.