खाड्याचे पैसे

आमच्या सोनारीकडं (तालुका परंडा, जिल्हा आधी उस्मानाबाद, आता धाराशिव) हंगाम हा शब्द खेळासाठी कुणी वापरत नाही. हंगाम ज्वारीचा असतो, कारखान्याचा गळीत हंगाम असतो, फार तर चैत्रात काळभैरवनाथाच्या यात्रेचा. त्यामुळे २०२२ च्या ऑगस्टमध्ये टीव्हीवर 'अल्टिमेट खो-खो'चा पहिला हंगाम सुरू झाल्याचं ऐकलं, तेव्हा कानाला जरा खटकलंच. खो-खोचा कसला आलाय हंगाम? तो तर शाळा सुटल्यावर फक्कीच्या रेघा मारून खेळायचा खेळ!

पण मग १४ ऑगस्ट ते ४ सप्टेंबर असे बावीस दिवस पुण्याच्या बालेवाडीतले सामने टीव्हीवर जमतील तेवढे बघितले, आणि तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात घोळते आहे. खेळाचा 'हंगाम' नेमका कधी सुरू होतो? संघ, झेंडे, समालोचक हे सगळं नंतर येतं. माझं उत्तर साधं आहे. खेळणाऱ्याचा खाडा कुणीतरी भरून द्यायला लागलं की हंगाम सुरू होतो.

खाडा म्हणजे काय ते आपल्याकडं सांगावं लागत नाही. कामाला गेलो नाही, दिवस बुडाला, तो खाडा. ऊसतोडीला जाणाऱ्यांना तर फारच नीट कळतं. तिथं नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल आधीच घेतलेली, आणि खाडा झाला तर मजुरी बुडते ती बुडतेच, वर मुकादम दंडही कापतो. अशा घरातलं पोरगं तालुक्याला सामना खेळायला जाणार असेल तर पहिला प्रश्न काय येणार? 'आणि कामाचं काय?'

हा प्रश्न आपल्याच भागातला आहे असं मला वाटायचं. पण तो सव्वाशे वर्षांपूर्वी उत्तर इंग्लंडात अगदी ह्याच शब्दांत विचारला गेला होता आणि त्यावरून एका खेळाचे चक्क दोन तुकडे झाले. खो-खोबद्दल लिहिताना मध्येच रग्बी कुठून आलं म्हणाल, पण जरा धीर धरा मंडळी.

रग्बी हा मुळात तिकडच्या मोठ्या घरच्या मुलांच्या शाळांतला खेळ. पुढं यॉर्कशायर आणि लँकेशायरमध्ये तो खाणकामगार, गिरणीकामगार, गोदी कामगार ह्यांच्यात पसरला. शनिवारी अर्धा दिवस काम असायचं. सामना गावात असेल तर ठीक, पण लांब जायचं तर अख्खा शनिवार बुडायचा आणि मजुरी कापली जायची. उत्तरेकडचे क्लब म्हणाले, आम्ही खेळाचे पैसे देत नाही, फक्त बुडालेल्या मजुरीचे देतो. ह्याला ते 'ब्रोकन टाइम' म्हणत. म्हणजे आपला खाडाच की! १८९३ मध्ये लंडनला रग्बी युनियनच्या बैठकीत ह्यावर मतदान झालं आणि २८२ विरुद्ध १३६ मतांनी मागणी फेटाळली गेली. खेळ हा हौसेचा, पैसे घेतले की तो बाटला, असा एकूण सूर. (ज्यांचा शनिवार बुडत नव्हता त्यांना हे म्हणायला काय जातंय!)

मग २९ ऑगस्ट १८९५ ला हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडचे क्लब जमले आणि वेगळे झाले. 'नॉर्दर्न युनियन' काढली. खाड्यापोटी दिवसाला सहा शिलिंगांपर्यंत देता येतील असं ठरलं. दुसऱ्याच आठवड्यात, ७ सप्टेंबरला, पहिला हंगाम सुरू झाला. आज ज्याला रग्बी लीग म्हणतात त्याचा हा जन्म. तेरा खेळाडूंचा संघ वगैरे नियमातले बदल सगळे नंतरचे. १८९५ ला खेळ तोच होता, फक्त खाड्याचे पैसे मिळायला लागले होते.

ह्या पहिल्या हंगामाचा तक्ता बघण्यासारखा आहे. २२ क्लब, प्रत्येकाने इतर सगळ्यांशी दोनदा खेळायचं, म्हणजे ४२ सामने, आणि तेही कोळशाच्या नाहीतर कापडाच्या धंद्यात आठवडाभर राबून. शेवटी ब्रॅडफर्डचा मॅनिंगहॅम क्लब ६६ गुणांनी पहिला आला आणि हॅलिफॅक्स ६५ गुणांनी दुसरा. बेचाळीस सामन्यांनंतर फरक एका गुणाचा! हे मॅनिंगहॅम म्हणजे तेच, जिथल्या गिरणीत १८९०-९१ च्या हिवाळ्यात मजुरी कापण्यावरून मोठा संप झाला होता. संप हरला, पण चार-पाच वर्षांत त्याच वस्तीतला क्लब पहिल्या हंगामाचा विजेता झाला. पुढं १९०३ मध्ये ह्या क्लबाने रग्बी सोडून फुटबॉल धरला आणि तो ब्रॅडफर्ड सिटी झाला. असो, विषय भरकटतोय.

भरकटण्याआधी एक गंमत मात्र सांगायलाच हवी. १८९८ मध्ये त्यांनी खेळाडूंना उघड पैसे द्यायला परवानगी दिली, पण अट घातली की खेळाडूला नियमित नोकरी किंवा कामधंदा असलाच पाहिजे. त्यातही दारूच्या गुत्त्यातलं वाढप्याचं काम चालणार नाही, बिलियर्ड्सच्या टेबलाशी गुण मांडण्याचं काम चालणार नाही. १९०५ पर्यंत ही अट होती. नुसता खेळून पोट भरणारा माणूस नको, असा त्यामागचा विचार. हे वाचलं आणि मला आपला 'स्पोर्ट्स कोटा' आठवला. आपल्याकडं इतकी वर्षं खो-खो, कबड्डीवाल्यांचा खाडा भरला तो रेल्वेने, बँकांनी, पोलिसांनी. खेळाबद्दल थेट पैसे नाहीत, पण खेळाच्या जोरावर नोकरी, आणि स्पर्धेला जायला रजा. ज्याला नोकरी लागली तो तिशीपर्यंत खेळला. ज्याला नाही लागली तो बारावीनंतर मैदानावर दिसला नाही. तुमच्या गावातही असा एखादा असेल, आठवून बघा.

आता कुणी म्हणेल, आपल्या गावाकडं पैशाचा खेळ कधी नव्हताच. साफ चूक. कुस्ती आहे की! चैत्र-वैशाखात ह्या गावची यात्रा संपली की त्या गावची, आणि पैलवान एका फडावरून दुसऱ्या फडावर. लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग शंभर-दोनशेच्या, आणि शेवटची निकाली कुस्ती हजारांची नाहीतर लाखाची. इनाम आधी पुकारतात, मगच जोड लागते. कुणी त्याला 'लीग' म्हटलं नाही इतकंच, बाकी हंगाम म्हणावा असं सगळं त्यात आहे. खुराकाचा खर्च निघावा म्हणून पैलवानाला पैसे मिळतात ह्यात कुणालाच कधी वावगं वाटलं नाही.

खो-खोच्या वाट्याला मात्र हे आलं नाही. माझा अंदाज असा की तो पहिल्यापासून शाळेचा आणि व्यायामशाळेचा खेळ ठरला. १९१४ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने त्याचे नियम बांधले. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली, त्यात खो-खोही होता. १९५९-६० मध्ये विजयवाड्याला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. ह्या सगळ्यात शरीर कमावणं, शिस्त, देशप्रेम होतं. पैसा बसवायला जागाच नव्हती. शिवाय खो-खोला खर्च नाही, साहित्य नाही, दोन खांब रोवले की झालं. फुकटात होतंय म्हटल्यावर खेळणाऱ्याचाही काही खर्च होतो हे कुणाच्या लक्षात येत नाही.

तर २०२२. डाबरच्या अमित बर्मन यांनी खो-खो महासंघाबरोबर ही लीग २०१९ लाच जाहीर केली होती, पण मध्ये करोना आला. शेवटी सहा संघ उतरले: चेन्नई, गुजरात, मुंबई, ओडिशा, राजस्थान आणि तेलुगू योद्धाज. खेळ मॅटवर, नऊऐवजी सात खेळाडू, नऊ मिनिटांऐवजी सात मिनिटांचा डाव. साध्या बादला दोन गुण, सूर मारून बाद केलं तर तीन. शिवाय एक 'वजीर', जो कुठल्याही दिशेने पळू शकतो. हा वजीर पाहून आमच्या पिढीचे लोक कळवळले. खांबाला वळसा घातल्याशिवाय मागं फिरता येत नाही हाच तर खो-खोचा जीव! मलाही पहिले दोन दिवस राग आला. तिसऱ्या दिवशी आला नाही. रग्बी लीगनेही लोक बघायला यावेत म्हणून दहा-बारा वर्षांत नियम पार बदलले होते. हंगाम आला की बघणारे हवेत, आणि बघणाऱ्यांसाठी थोडा वजीर सोसावा लागतो.

सगळ्या संघांत मराठी नावांचा भरणा होता. चेन्नईकडून खेळणारा रामजी कश्यप आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातला, वेळापूरचा. खेळाडूंच्या चार श्रेण्या पाडल्या होत्या, वरच्या श्रेणीला पाच लाख, खालच्याला एक. क्रिकेटच्या आकड्यांसमोर हे चिल्लर आहे, मान्य. पण बावीस दिवसांच्या खाड्याचे लाखभर रुपये? ऊसतोडीला जाणारा कोयता अख्खा गळीत हंगाम राबून जी उचल फेडत बसतो, ती आठवा आणि मग सांगा.

अंतिम सामना तर विसरता येत नाही. ओडिशा विरुद्ध तेलुगू योद्धाज, शेवटच्या दोन मिनिटांत तेलुगू पुढं, आणि ओडिशाच्या सूरज लांडेने सूर मारून तीन गुण काढले. ४६-४५. पहिला हंगाम इथंही एका गुणाने सुटला. मॅनिंगहॅमचा तक्ता मी नंतर पाहिला तेव्हा हसूच आलं :-)

इथपर्यंत सगळं छान आहे. पण आपल्या जिल्ह्यातून बघितलं की ह्या हंगामात एक मोठं भगदाड दिसतं. धाराशिवचं नाव खो-खोत झालं ते मुलींमुळे. सारिका काळे उस्मानाबादची. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय मुलींची कर्णधार, २०२० चा अर्जुन पुरस्कार, आणि तो खो-खोला बावीस वर्षांनी मिळालेला. घरी एका वेळच्या जेवणाची भ्रांत असताना आपण खेळलो, हे तिने स्वतः सांगितलेलं आहे. पुढं ती राज्य शासनात क्रीडा अधिकारी झाली. म्हणजे तिचाही खाडा भरला तो नोकरीनेच. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला. मुलांनी अंतिम सामन्यात नेपाळला ५४-३६ ने हरवलं, आणि प्रियांका इंगळेच्या संघाने नेपाळच्याच मुलींना ७८-४० ने. त्या संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती.

आणि लीग? २०२२ चा हंगाम मुलांचा. कटकला झालेला २०२३-२४ चा दुसरा हंगाम (गुजरातने चेन्नईला ३१-२६ ने हरवलं तो) तोही मुलांचा. कबड्डीत २०१६ मध्ये प्रो कबड्डीने मुलींची तीन संघांची स्पर्धा घेतली होती, अंतिम सामना २४-२३ असा रंगला, आणि पुढच्या हंगामात ती गायब. रग्बी लीगचंही वेगळं नाही. १९२१ मध्ये सिडनीत बायकांचा सामना बघायला हजारोंची गर्दी लोटली होती, तरी ऑस्ट्रेलियात बायकांची लीग सुरू व्हायला २०१८ उजाडलं, तीही चार संघांची. हडर्सफील्डपासून मोजलं तर १२३ वर्षं.

कारण शोधायला फार लांब जायला नको. पोराचा खाडा दिसतो, कारण त्याच्या दिवसाला दर आहे. मुलीचा दिवस कुठल्या हजेरीपटावर लागतो? पाणी, धुणं, धाकट्या भावंडांना सांभाळणं, खुरपणीला आईबरोबर जाणं. ती सरावाला गेली की काम अडतं, पण किती रुपयांचं अडलं ते कुणी मांडत नाही. आकडाच नसेल तर भरपाई कशाची मागणार? माझी चुलत बहीण शाळेत असताना जिल्ह्यापर्यंत खेळली. पायात वारं होतं. दहावीच्या सुट्टीत थोरल्या वहिनीचं बाळंतपण आलं, तिचं मैदान सुटलं ते सुटलंच. कुणी तिला 'खेळू नको' म्हटलं नाही. कुणी म्हणावं लागलंच नाही.

तिची लेक आता आठवीत आहे आणि तीही खो-खो खेळते. परवा यात्रेला गावी गेलो होतो तेव्हा तिला जिल्ह्याच्या ठिकाणी सरावाला ठेवायचं का यावर घरात बराच खल चालला होता. मी आपला उत्साहाने लीगचं सांगायला लागलो, एक लाख, दीड लाख, तीन लाख, पाच लाख. दाजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. तंबाखू मळून झाली, मग म्हणाले, "ते पोरांचं झालं, पाव्हणं. पोरींचं काय हाय ते सांगा."