वाकळ, तुकडेजोडीची

कापडाचे ठरावीक मापाचे तुकडे आधी एकमेकांना जोडून, ते जोडलेले कापड थरांवर टाचून शिवलेले पांघरूण. पुण्याकडे गोधडी म्हणतात, ती शिरोळ भागात वाकळ. कृष्णा-पंचगंगेच्या काठचा हा तालुका इचलकरंजीला लागून आहे. इचलकरंजीत १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला. तेव्हापासून ते सुती कापडाचे गाव झाले.

जुन्या वाकळीला साचा लागत नाही. लुगडी-धोतरांचे थर पसरून बाई कडेने धावदोरा घालत आत सरकते आणि ठिगळ जागेवरच दुमडून बसवते. माप चुकले तर पुढचे ठिगळ ते सांभाळून घेते. या कामात अचूकपणा नाही असे समजणे चूक आहे. तो हाताच्या अंदाजात असतो.

तुकडेजोडीत ही सवलत नाही, कारण चूक साठत जाते. तयार ४ इंचांचा चौकोन हवा तर चारही बाजूंना पाव इंच माया (शिवणीत जाणारे जादा कापड) धरून ४½ इंचांचा कापावा लागतो. अशा १२ चौकोनांची ओळ ४८ इंच भरली पाहिजे. प्रत्येक शिवणीत माया एक सोळांश इंच जास्त गेली, तर ११ शिवणींत मिळून ओळ जवळजवळ दीड इंच आखूड पडते आणि शेजारच्या ओळीशी तिचे कोपरे जुळत नाहीत. चौकोन दोन त्रिकोणांचा असेल तर ४⅞ इंचांचा तुकडा कर्णावर कापतात.

साचा पुठ्ठ्याचा चालतो, पण खडू आणि कात्री घासून त्याची कड झिजते. पुष्कळ तुकडे काढायचे तर प्लास्टिकची जाड शीट बरी. मशीनसाठी साचा मायेसकट करतात. हाताने शिवताना माया सोडून करतात, उलट बाजूस रेघ आखून तिच्यावर टाके घालतात. साच्यावर उभ्या धाग्याचा बाण काढावा, कारण कापड तिरपे सर्वांत जास्त ताणते. तिरपी कड जोडलेल्या तुकड्यांच्या चौकटीच्या बाहेरच्या बाजूला आली की चौकट वाकडी होते. इंग्लंडमध्ये कागदी साच्यावर कापड दुमडून टाचण्याची रीत जुनी आहे. त्या रीतीने केलेली १७१८ सालची रेशमी चादर आजही जपलेली आहे.

आयते कापलेले तुकडे वेळ वाचवतात, पण त्यांच्यावर डोळे झाकून विसंबू नये. बाजारातल्या ५ इंची चौकोनांची कड बहुधा दातेरी असते आणि माप दातांच्या टोकापासून धरले आहे की खाचेपासून, हे गठ्ठ्यागणिक बदलते. शिंप्याच्या कतरणीत धाग्याची दिशाही ठरलेली नसते. म्हणून साचा ठेवून त्या पुन्हा कापाव्यात. नवे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते, जुने लुगडे आधीच आटलेले असते. दोन्ही एका चौकटीत घेतली तर धुतल्यावर सुरकुत्या पडतात.

शिवण झाल्यावर माया गडद तुकड्याकडे वळवून इस्त्रीने दाबावी. इस्त्री फिरवली तर कापड ताणते. लगतच्या ओळींत माया उलटसुलट दिशांना वळवली की शिवणी एकमेकींत अडकून कोपरे बरोबर बसतात.

मशीनची पारख सोपी आहे. दीड-दीड इंचांच्या तीन पट्ट्या जोडाव्यात. मधली नेमकी १ इंच भरली तर माया बरोबर आहे. ही पारख केल्याशिवाय आणि पहिली चौकट मोजल्याशिवाय उरलेल्या कापडाला कात्री लावू नये.